भावाची भेट

"मॅडम, येशू खरंच होऊन गेला का? त्याच्या हातची एक ओळही नाही म्हणता," व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं.

"ओळ नाही, खरंय," इतिहासाची प्राध्यापिका म्हणाली. "पण तो गेल्यावर वीसेक वर्षांनी एकाने पत्रात जाता जाता लिहिलंय, की मी त्याच्या भावाला भेटलो. जो जन्मलाच नाही, त्याचा भाऊ कसा भेटेल? तो देव होता का, हे इतिहास सांगू शकत नाही. माणूस होता, एवढं बहुतेक अभ्यासक मानतात."

सभागृह रिकामं झालं. पहिल्या रांगेतले तिचे काका तिची पर्स सांभाळत उठले.

"भावाचं सांगताना माझ्याकडे काय बघत होतीस गं?"

"बाबा गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. पुरात त्यांचा एक फोटोसुद्धा उरला नाही. तुम्ही वाढवलंत, त्यांच्याबद्दल सांगत राहिलात, म्हणून मला बाबा मिळाले, काका. नाहीतर नुसतं नाव होतं."

काकांनी पर्स खुर्चीवर ठेवली. "अगं, आज तूही मला दादा भेटवलास. बोलताना त्याचेही हात तुझ्यासारखे अस्सेच हवेत नाचायचे."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते तिला स्वतःचेच वाटत होते.