आधी आत सोडा

“केबिन वेगळी म्हणजे बुकिंग वेगळं, मॅडम,” क्रूझच्या काउंटरवरची मुलगी पुन्हा म्हणाली. “आधी चढायची प्रायॉरिटी फक्त बाल्कनीवाल्या केबिनला आहे. बाकीच्या दोन केबिनवाल्यांनी त्या रांगेत या.”

थोरलीने त्या रांगेकडे पाहिलं. रांग काचेच्या दारातून बाहेर पडली होती आणि गोदामाच्या भिंतीला वळसा घालून दिसेनाशी झाली होती. तिचं डोकं सणकलं.

बाल्कनीवाली केबिन धाकट्या भावाची. त्याने आणि त्याच्या बायकोने हौसेने घेतलेली. दुसरी थोरलीची आणि तिच्या नवऱ्याची. तिसरी बाबांची, एकट्याची. खरं तर बाबांना आपल्याच केबिनमध्ये घ्यायचं असं थोरलीने ठरवलं होतं, पण ते अडून बसले. “मी घोरतो. मला वेगळी हवी. आणि लिफ्टच्या अगदी जवळ हवी.” लिफ्ट कशाला, तर म्हणे एवढ्या मोठ्या बोटीवर रस्ता चुकायला नको. तिने तीही मिळवली. मग आधी चढण्याचं टुमणं सुरू झालं. शाळेत कवायत शिकवण्यात ज्यांची उभी हयात गेली, बसस्टॉपवरसुद्धा जे कधी कुणाच्या पुढे गेले नाहीत, ते बाबा एक दिवसाआड फोन करायला लागले. “रांगेचं काय झालं गं? आपल्याला आधी सोडतील ना?” थोरली मीटिंगमध्ये असो नाहीतर गॅसपुढे, प्रश्न तोच. तिने मेल केले. फोन केले. होल्डवर वाजणारी धून तिला झोपेतही ऐकू यायला लागली. उत्तरही तेच मिळायचं, केबिन वेगळी, बुकिंग वेगळं.

“म्हातारपणी बडेजाव सुचलाय,” ती नवऱ्याजवळ चरफडायची. नवरा शहाणा होता. गप्प बसायचा.

“ताई, आम्ही होतो पुढे,” धाकटा आता म्हणाला. “जेवायला बरं टेबल धरून ठेवतो.”

“धरा. आणि आठवण राहिली तर वरून हात करा आम्हाला.”

“चिडतेस काय? मी केलाय का हा नियम?”

“नाही रे बाबा, तू काहीच केलं नाहीस. तू कधीच काही करत नाहीस. सगळं मीच तर करते!”

भावजयीने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. बाबा खांबाशी उभे होते. कवायतीत उभे राहायचे तसे ताठ, फक्त पाठ खांबाला टेकलेली. टॅक्सीतून उतरल्यापासून त्यांनी तो खांब सोडला नव्हता.

“बाबा, बसा की जरा बाकावर,” थोरलीचा नवरा म्हणाला.

“नको. बसलं की उठावं लागतं.”

धाकटा हसला. बाबांचे असले तिरकस टोले घरात सगळ्यांच्या ओळखीचे होते. थोरलीला मात्र हसू आलं नाही. महिनाभराचा साठलेला राग आता तिच्या तोंडातून बाहेर पडला.

“घ्या, लागा आता रांगेत! जीव काढलात माझा नुसता. वेगळ्या केबिनचा हट्ट धरला नसता ना, तर याच्या बुकिंगमध्ये तुमचं तरी नाव घुसवलं असतं. पण नाही! हवंय सगळं आणि ऐकायचं कुणाचंच नाही.”

बाबा रांगेकडे बघत होते. तिचं टोक कुठे असेल, याचा अंदाज घेत असावेत.

काउंटरवरच्या मुलीला बहुधा दया आली. ती हळूच म्हणाली, “कुणाला व्हीलचेअर लागत असेल तर आम्ही त्यांना आधी सोडतो. सोबत घरचे सगळे. मग केबिन कुठलीही असू दे.”

धाकट्याचे डोळे चमकले. “बाबा, ऐकलंत? जरा बसा खुर्चीत, चेहरा पाडा. काम फत्ते!”

“तोंड आवर,” थोरली दबक्या आवाजात म्हणाली. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. शाळेच्या संघातला एक पोरगा वयाच्या अटीपेक्षा मोठा निघाला, तेव्हा जिंकलेली ढाल या माणसाने स्वतः नेऊन परत केली होती. आता सगळ्या टर्मिनलसमोर धाकट्याची खरडपट्टी निघणार आणि त्यानंतर बाबांची समजूतही तिलाच काढावी लागणार.

“आणा खुर्ची,” बाबा म्हणाले.

सगळे बघतच राहिले. एक कामगार खुर्ची घेऊन आला. बाबांनी आधी दोन्ही हातांनी तिचे दांडे चाचपले, मग सावकाश अंग सोडलं. पाय मात्र जमिनीवरच राहिले. कामगाराने वाकून एकेक पाय उचलला आणि खुर्चीच्या फूटरेस्टवर ठेवला.

“काय अॅक्टिंग आहे!” धाकटा बायकोच्या कानात कुजबुजला. तिने ओठ दाबून हसू आवरलं.

रांगेतल्या लोकांनी अदबीने वाट दिली. एकाने स्वतःची बॅग बाजूला ओढली. थोरलीचे कान तापले. ती खाली मान घालून जहाजाकडे जाणाऱ्या चढणीवर खुर्चीमागून चालत राहिली. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाला आपण शेवटी खोटं वागायला लावलं, तेही एका रांगेपायी. आता रागावायचं तरी कुणावर, हेच तिला कळेना.

ते जहाजात शिरले. लिफ्टसमोरच्या मऊ गालिच्यावर कामगाराने खुर्ची उभी केली आणि तो पुढच्या प्रवाशासाठी माघारी गेला. आसपास कुणी नाही हे पाहून थोरली वाकली.

“उठा बाबा, कुणी बघत नाहीये. संपलं नाटक.”

बाबा उठले नाहीत. त्यांनी दांड्यांवर जोर दिला, कोपरं थरथरली, आणि ते पुन्हा मागे टेकले. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं.

“नाटक चालण्याचं होतं गं,” बाबा म्हणाले. “ते संपलं.”