पूर्ण व्हिडिओ

"लावा की पूर्ण! पूर्ण व्हिडिओ लावा!"

कार्ल्याला डोंगराच्या पायथ्याशी सगळे स्टॉलवाले रस्त्यावर जमले होते आणि मधोमध ज्योत्स्नाताई उभी होती. पोरींना कबड्डी शिकवणारी आणि यंदा पंचायत समितीला उभी राहिलेली ज्योत्स्नाताई. मतदान अगदी तोंडावर आलेलं. कणसांच्या हातगाडीमागे आईशेजारी उभी समीक्षा निखाऱ्यांवरचं कणीस फिरवायचंच विसरली होती.

चिक्कीवाल्या श्रीपतीनं मोबाईल उंच धरला आणि क्लिप परत लावली. सकाळपासून ती प्रत्येक ग्रुपवर फिरत होती. आधी ढॅण्‌ढॅण् संगीत, मग ताईचा लालबुंद चेहरा आणि ताईचाच आवाज, "हे पर्यटक नकोतच आपल्याला. एकसुद्धा नको!" खाली मोठ्या अक्षरांत, 'तुमच्या पोटावर पाय देणारीला मत देणार का?'

"ऐकलं? गिऱ्हाईकच नको म्हणं बाईला!" श्रीपती म्हणाला. "मग आमी काय डोंगर विकून खायाचा?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसली ती समीक्षाची आई, भामाबाई.

"मी सरसकट सगळ्यांना म्हटलं न्हाई," ताई म्हणाली. "ज्यांना म्हटलं ते वेगळे होते. मागचं पुढचं कापलंय ह्यात."

"मग न कापलेलं दावा!"

ताईचा कार्यकर्ता हनुमंत स्पीकर घेऊन तयारच होता. तो तिच्या कानाशी लागला, पण त्याचं कुजबुजणंही चार गाड्यांपलीकडे ऐकू जायचं. "ताई, तुमच्या मोबाईलमदी हाय न्हवं? लावा. एका मिनिटात सगळ्यांची तोंडं बंद."

त्यात काय आहे, हे समीक्षाला माहीत होतं. प्रॅक्टिस संपल्यावर एका मैत्रिणीनं सहज काढून ताईला पाठवलेला व्हिडिओ; त्यातला शेवटचा तुकडा तेवढा कुणाच्या तरी हाती लागला होता. त्याच्या सुरुवातीला ताई नाहीच. सुरुवातीला समीक्षा आहे, हुंदके देत सांगणारी. आई पाणी आणायला गेली होती. एका गाडीतल्या पोरांनी कणीस मागितलं. तिनं ते खिडकीतून पुढे केलं, तर त्यांनी कणसाऐवजी तिचा हात धरला. आणि गाडी चालू केली. हात न सोडता. हसत हसत.

घरी तिनं 'पडले' म्हणून सांगितलं होतं. आईनं गुडघ्याला हळद लावली होती. खरं सांगितलं असतं तर कबड्डी बंद, शाळा बंद, थेट मामाच्या गावाला रवानगी. वरच्या आळीतल्या रेणुकाचं तेच झालं होतं.

ताईनं पर्समधून मोबाईल काढला.

संपलं, समीक्षाला वाटलं.

ताईनं मोबाईलकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. हनुमंतकडे पाहिलं. सगळीकडे पाहिलं, फक्त कणसांच्या गाडीकडे तिनं एकदाही नजर वळवली नाही. मग तिनं मोबाईल परत पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"आवाज माझाच हाय. शब्द पण माझेच. रागात सगळ्यांना एका दावणीला बांधलं, ते माझं चुकलं. पण त्याच्या आधी जे हाय ते पोरींनी विश्वासानं मला सांगितलेलं हाय. मतासाठी ते मी वाजवणार न्हाई."

"अवो ताई!" हनुमंतनं कपाळाला हात लावला.

"पोरींनी?" भामाबाई पुढे सरसावली. "माजी बी पोरगी येती की तुमच्याकडं! ए समे, सांग गं. काय बोलली ही?"

सगळे चेहरे एकदम समीक्षाकडे वळले. श्रीपतीचा मोबाईलसुद्धा वळला, कॅमेरा चालू करून. समीक्षा गाडीच्या आड आणखी मागे सरकली.

"तिला नका विचारू, भामाबाई." ताईचा आवाज पहिल्यांदाच कापला. "मला विचारा. निवडणुकीला मी उभी हाय."

"बघा, कशी घाबरली!" कुणीतरी ओरडलं. "पोरींना पढवून ठेवलंय!"

शिट्ट्या वाजल्या. आई पुन्हा हसली. ते हसणं मात्र समीक्षाला सोसवेना. ती गाडीमागून बाहेर आली आणि तिनं आईचा पदर धरला.

"आई, चल तिकडं. फक्त तुला सांगते."

पाण्याच्या पिंपाआड तिनं सगळं सांगून टाकलं. इतके दिवस पोटात दाबलेलं, चार वाक्यांत संपलंसुद्धा. रडली नाही. मग 'उद्यापासनं घरात बस' हे शब्द ऐकायची तयारी करून उभी राहिली.

"कंचा हात?" आईनं विचारलं.

समीक्षानं उजवा हात पुढे केला. आईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. कोळशानं काळे झालेले हात.

तो हात न सोडताच ती परत माणसांत आली. लोक अजून ताईला घेरून होते. श्रीपतीनं लगेच मोबाईल आईच्या तोंडापुढे धरला.

"बोला भामाबाई! काय म्हणली पोरगी? सगळ्यांना ऐकू द्या."

"तुजी धाकटी पोरगी बी जाती न्हवं कबड्डीला?"

"जाती की. त्याचं काय?"

"मग घरी जा," आई म्हणाली. "दार लावून घे. आन् जवळ बसवून तिला इचार. हितं न्हाई."

श्रीपती हसायला गेला. बाकी कुणी हसलं नाही. त्यानं मोबाईल हळूहळू खाली घेतला आणि शेतापलीकडच्या आपल्या घराकडे बघत राहिला.