वेदनापट्टा

सहा वर्षांच्या ओवीच्या मनगटाला डॉ. हेमांगी दामल्यांनी वेदनापट्टा बांधला आणि त्याचा जोडपट्टा स्वतःच्या मनगटाला. मुलाच्या सांध्याने जे सोसलं ते डॉक्टरने सोसायचं. लहानग्यांच्या संधिवाताचं निदान आता असंच व्हायचं.

"सकाळी हात आखडतो तिचा," वडील म्हणाले.

वीस वर्षांत डॉक्टरांनी अंगावर घेतलेले संधिवात हळूहळू चढत. हा एका झटक्यात आला. पाच बोटांनी मनगट धरलं, हाड वाजेपर्यंत पिरगळलं. कातडीत अंगठीचा खडा रुतला.

डॉक्टरांनी वडिलांच्या अंगठीकडे पाहिलं. मग आपला पट्टा सोडून त्यांच्या मनगटावर करकचून आवळला. ते गुरासारखे ओरडले.

"बाबा, ओरडू नका," ओवी कुजबुजली. "ओरडलं की जास्त पिरगळतात."