गरजेचं भाडं

पुणे–नागपूर विमानाचं भाडं केतकीच्या डोळ्यांदेखत पुन्हा वाढलं. तिने घाईघाईने मोबाइल पालथा ठेवला, दोन घोट पाणी प्यायली आणि चेहरा शक्य तितका कोरा करून परत शोधायला बसली. उपयोग शून्य. मनगटावर पट्टी बांधल्याशिवाय तिकिटांची साइट उघडायचीच नाही, आणि त्या पट्टीला नाडीवरून माणसाची गरज बरोबर कळायची. ज्याचं अडलंय त्याला महाग; ज्याला फिकीर नाही त्याला स्वस्त.

सकाळी नागपुरात तिच्या वडिलांचं, नानांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. आजच्या शेवटच्या विमानात मोजक्याच जागा उरल्या होत्या.

"श्रीरंग, तू शोध," ती नवऱ्याला म्हणाली. "तुला काय, नाना जगले काय नि..." पुढचं तिने गिळलं.

लग्नात नानांनी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला, तेव्हापासून श्रीरंग सासुरवाडीची पायरी चढला नव्हता. घरात नानांचं नाव काढलेलंही त्याला खपत नसे. इतका बेफिकीर माणूस तिला आणखी कुठे मिळणार होता?

त्याने पट्टी बांधली आणि मोबाइल हातात घेतला. भाडं क्षणभर थबकलं, मग सरसर चढत केतकीला दाखवलेल्या आकड्याच्याही पार पुढे गेलं.

केतकी त्याच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय?" पट्टी सोडून तिच्यापुढे धरत तो खेकसला. "आणखी वाढायच्या आत दोन तिकिटं काढ."