नुसतं दार लावा
रेवतीबाईंचा शॉट पहिल्याच टेकला ओके होतो, अशी एके काळी ख्याती होती. आता त्यांच्याच कांदिवलीतल्या फ्लॅटमध्ये केयूर विस्मृतीत गेलेल्या नटीवर छोटासा सिनेमा करत होता. नटी अर्थात त्याच. शेवटचा शॉट उरला होता: पाहुण्यांना म्हणायचं, “निघा तुम्ही, मला एकटीनं राहायची सवय आहे.” बाई दर वेळी अडखळत होत्या. “वय झालं ना यार,” कुणीतरी कुजबुजलं. बाईंनी कानाआड केलं. ओळ तोंडपाठ होती. पण नीट म्हटली की पॅकअप, आणि महिनाभर गजबजलेलं घर पुन्हा ओस. “सॉरी रे केयूर, अजून एकदा घेऊया?” “ताई, दमलात तुम्ही. ओळच काढतो. पाहुणे गेले की नुसतं दार लावा.” कॅमेरा चालू. बाईंनी दार लावलं, हात आपसूक कडीवर गेला. पहिल्याच टेकला ओके. एकटीनं दार लावायची तालीम रोजचीच होती.