कुणाच्या तोंडून

"'ते गेले आणि माझ्यावर आभाळ कोसळलं. कितीतरी दिवस माझ्या डोळ्याचं पाणी खळलं नाही.'" क्षमानं शेवटचं वाक्य वाचलं आणि मायकडं बघितलं. चांगुणा उंबऱ्याशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

कथा चांगुणाचीच होती. क्षमानं ती आधी लेकीच्या नजरेतून लिहिली होती, मायला वाचूनही दाखवली होती. येडशीला रेल्वेत गँगमन असलेला बाबू, तिचा बाप; लेकीला खांद्यावर बसवून रामलिंगच्या रानातल्या माकडांना फुटाणे टाकायला नेणारा; एका पावसाळ्यात रुळाकडंला साप चावून गेलेला. धाराशिवच्या कॉलेजातल्या सरांना कथा आवडली. पण खरं दुःख बायकोचं आहे, तिच्या मनात शिर, 'मी' म्हणून लिही, असं त्यांनी सुचवलं. क्षमानं सगळी कथा फिरवली. मायला काही विचारावं, असं तिच्या मनातही आलं नाही. स्पर्धेला धाडायच्या आधी नुसती ऐकवायची होती.

"ह्यातली 'मी' म्हंजी म्याच का?" चांगुणानं विचारलं.

क्षमा हसून व्हय म्हणाली.

"मग हे खोटं हाय. म्या रडले न्हाय. बाया जमल्या तवा पदर तोंडाला लावला, तेवढंच. त्या राती म्या गाढ झोपले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

क्षमाला आधी उमजलंच नाही. चांगुणानं डावा हात पुढं केला. तो कोपरात कधी सरळ होत नसे. विहिरीच्या पायरीवरून पडून मोडला, असं क्षमा लहानपणापासून ऐकत आली होती. कथेतही तिनं तसंच लिहिलं होतं. चांगुणानं शांतपणे सांगितलं, की तो दाराच्या अडसरानं मोडला. आणि लेक झोपल्याबिगर बाबूनं कधी हात उचलला नाही, तेवढं त्यानं पाळलं.

क्षमाला बापाच्या खांद्यावरून दिसणारं रान अजून तसंच हिरवंगार आठवत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिनं कागद फाडायला घेतले.

चांगुणानं तिचं मनगट धरलं.

"फाडू नगं. माझ्या तोंडून तेवढं सांगू नगं. पहिल्यांदा लिहिलं व्हतंस तसं तुझ्याच तोंडून सांग. तुझा बाप लई चांगला व्हता."