दोन मिनिटं चार सेकंद

आभाळ अजूनही लख्ख होतं. तिने दहा मिनिटांत सातव्यांदा वर पाहिलं आणि पेनचं टोपण पुन्हा दातांखाली धरलं. दुपारी पाऊस येणारच, असं हवामानवाल्यांनी सकाळी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या भरवशावर तिने मोटारींच्या आठ तासांच्या शर्यतीतले शेवटचे दोन तास आपल्या वडिलांना दिले होते. पावसात सगळेच जपून चालवतात, त्यात त्यांचा संथपणा खपून गेला असता. पाऊस फिरकला नाही, आणि वडील कोरड्या ट्रॅकवर आपल्या नेहमीच्या चालीने पहिला नंबर सांभाळत निघाले होते.

वडील संघात होते ते एका नियमामुळे. सगळे संघ तुल्यबळ राहावेत म्हणून प्रत्येक गाडीच्या तीन चालकांपैकी एक हौशी असावा लागे आणि त्याला निदान दोन तास गाडी चालवावीच लागे. हौशी कोण, हे शर्यतीची समिती घड्याळावरून ठरवी. जो वरचेवर दोन मिनिटं चार सेकंदांच्या आत फेरी पूर्ण करी, त्याला पुढच्या मोसमापासून हौशाची जागा बंद. वडिलांचं स्कूलबस दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि वय साठीला टेकलेलं. त्यांच्याबद्दल समितीला कधी शंकासुद्धा आली नाही.

शर्यतीची आखणी तिची. या मोसमात तिच्या अंदाजांनी दोन शर्यती हातच्या घालवल्या होत्या. "आज जिंकलो तर बघू," संघाच्या मालकीणबाई सकाळी चहा ढवळत म्हणाल्या होत्या, "नाहीतर तुझी खुर्ची दुसऱ्या कुणाला देते." तिला त्यांना बोल लावता येत नव्हता. तिच्याही खिशात एक पत्र होतंच की. 'माझा वेग कमी असल्यामुळे मी ही जागा सोडत आहे.' खाली वडिलांच्या सहीसाठी जागा. त्यांच्याऐवजी हौशी चालक म्हणून एक दातांचा डॉक्टरही तिने बघून ठेवला होता. तीन आठवडे पत्र खिशात होतं आणि ते वडिलांपुढे धरायचा धीर होत नव्हता.

वडील गाडीत बसले तेव्हा नव्वद सेकंदांची आघाडी होती. मागची गाडी दर फेरीला दोन सेकंद खात होती. तेल भरायला दोघांनाही एकदाच थांबायचं होतं, त्यामुळे तो हिशेब सारखा. फेऱ्या अठ्ठावन्न. पंचेचाळिसाव्या फेरीला मागचा गाठणार, हे तिने तीनदा मांडून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच आलं. ती उठली, बसली, पुन्हा उठली. चाळीस फेऱ्या झाल्या. आता आघाडीचे दहाच सेकंद उरले होते.

"बस गं जरा. माझं डोकं गरगरायला लागलं," मामा म्हणाला. तो संघाचा मुख्य मेकॅनिक, आणि तिचा सख्खा मामा.

"कशी बसू? दोन मिनिटं चार, दोन मिनिटं चार. याच्या पुढे काटाच हलत नाही यांचा."

"हलत नाही ना? मग नीट बघ की."

तिने पडद्यावर वेळांची यादी वर सरकवली. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक दोन. चार पूर्णांक एक. आजच्या फेऱ्या, मागच्या शर्यतीतल्या, सरावातल्या. पगारी चालकांच्या वेळा सेकंदभर इकडेतिकडे व्हायच्या. ज्याला जोरात जमत नाही, त्याच्या वेळा अशा एका ओळीत उभ्या राहत नाहीत. आणि सबंध मोसमात चारच्या आत एकही नव्हती. चुकूनसुद्धा नव्हती.

"मामा, हे मुद्दाम?"

"जागा गेली असती ना," मामा हात पुसत म्हणाला. "नोकरीपायी तू एवढी लांब. शर्यत सोडली तर तुम्हा दोघांची गाठ पडते कुठे?"

 तिचा हात आपोआप खिशाकडे गेला. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"मागचा किती लांब आहे, बाळा?"

"सात सेकंद, बाबा."

"मग सांग, फेरी कितीत हवी?"

तिने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "बाबा, तुम्ही आहात तसेच चालवा."

"आकडा सांग. वेळ जातोय."

"तुम्हाला माहितीये ना, पुढे काय होईल?"

"मला माहितीये. तू आकडा सांग."

समोर मालकीणबाई पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. आपण सांगणार, हे तिला कळून चुकलं आणि स्वतःची लाज वाटली.

"दोन मिनिटं दोन," ती म्हणाली.

पुढची फेरी दोन मिनिटं एक पूर्णांक नऊमध्ये आली. त्याच्या पुढचीही तेवढ्यातच. मागच्या गाडीने जिवाचं रान केलं, पण अंतर काही कमी होईना. शेवटी वडील आठ सेकंदांनी जिंकले. मालकीणबाईंनी तिचा खांदा थोपटला आणि पुढच्या मोसमाची आखणी लवकर हवी म्हणाल्या. समितीचा माणूस वेळांचा छापील कागद घेऊन संघाच्या गॅरेजच्या दाराशी येऊन थांबला होता.

वडील हेल्मेट काढून तिच्यापुढे उभे राहिले. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "आखणी बरी होती," ते म्हणाले. "पाऊसच नालायक. आण ते पत्र."

"कुठलं?"

"उजव्या खिशातलं. तीन आठवडे, भेटलीस की हात तिथेच असतो तुझा, आणि कागदावरचं माझं नाव बाहेर डोकावतं."

"मी फाडून टाकते, बाबा."

"फाडतेस कशाला? आता लागणारच आहे."

तिने पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, तिच्या हातातलं चावलेलं पेन घेतलं, 'कमी' हा शब्द खोडला, त्याच्या वर 'जास्त' लिहिलं आणि सही केली.